शाळा सुटल्यावर पुढे काय? अंधबधिर मुलांच्या पालकांचे प्रश्न

दिसणं आणि ऐकणं दोन्ही नाही, किंवा दोन्ही अगदी थोडं आहे, अशी मुलं मोठी होत असलेल्या घरांतून या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं अंधबधिर मुलांसोबत काम करणाऱ्या विशेष शिक्षकांच्या गटाने दिली आहेत.

प्रश्न : मला गरोदरपणात रुबेला (जर्मन गोवर) झाला होता. मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला जन्मतः मोतीबिंदू होता, त्याची शस्त्रक्रिया झाली. ऐकू अजिबात येत नाही. शाळा म्हणते, अठरापर्यंत ठेवू. पुढचा विचार कधी सुरू करायचा? (आई, सांगली)

आत्ता. उरलेली चार वर्षं पुरतील, पण त्याहून उशीर परवडणार नाही.

शाळा सुटते तेव्हा मुलीच्या हातावर बोलणारी माणसंही एकदम सुटतात. घरात आईशिवाय कोणाला तिच्या खुणा येत नाहीत. दिवसाला आकार उरत नाही, दुपारी झोप आणि रात्री जागरण सुरू होतं, आणि काही महिन्यांत शाळेत येत असलेल्या गोष्टीही मागे पडतात. मग मुलगी ‘बिघडली’ असं घरचे म्हणतात. खरं तर तिच्याशी दिवसभर कोणी बोललेलंच नसतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण अठरानंतरचा आराखडा शाळेने करून द्यावा, अशी सक्ती नाही. अमेरिकेत सोळाव्या वर्षापासून तो मुलाच्या शैक्षणिक आराखड्यात घालावाच लागतो. आपल्याकडे पालकांनी मागितला तरच होतो, म्हणून शाळेकडे लेखी मागा.

आराखडा ठरवायच्या बैठकीआधी दोन आठवडे घरी आणि शाळेत एक वही ठेवा. मुलगी आपणहून कशाकडे जाते, कशापासून दूर होते, कोणाचा हात धरते, किती वेळाने थकते, एवढंच लिहा. बैठकीला तुम्ही दोघं, वर्गशिक्षिका, एखादी जवळची नातेवाईक आणि स्वतः मुलगी, इतकी माणसं पुरेत. दोन तासांपेक्षा जास्त बसू नका. मोठ्या कागदावर एकविसाव्या वर्षीचा तिचा एक साधा मंगळवार मांडा, उठण्यापासून झोपेपर्यंत. प्रत्येक तासापुढे चार रकाने करा: कुठे, काय करते, कोणासोबत, आणि तिच्याशी बोलणार कोण. चौथा रकाना बहुतेक घरांत रिकामा राहतो. आराखडा तिथून सुरू करा. शिवणाचा क्लास की कॉम्प्युटर, हा वाद त्यानंतर.

मुलीला नुसतं खुर्चीवर बसवून ठेवू नका. ज्या कामांची चर्चा आहे त्यांतली वस्तू तिच्या हातात द्या: कणकेची वाटी, दोरा, कुंडीतली माती. ती काय धरून ठेवते आणि काय सरकवते, तेच तिचं मत.

बैठकीतून वर्षासाठी तीनच उद्दिष्टं काढा. एक स्वतःच्या देखभालीचं, एक संवादाचं आणि एक नव्या माणसाचं, म्हणजे या वर्षी आणखी कोण तिच्या खुणा शिकणार. तिच्याकडे वस्तूंची दिनदर्शिका असेल (ओळीत कप्पे, प्रत्येकात पुढच्या कामाची वस्तू, काम झालं की ती ‘संपलं’च्या डब्यात), तर ती आता अर्ध्या दिवसावरून पूर्ण दिवसावर, आणि सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत आठवड्यावर न्या. उद्या काय आहे हे ज्याला कळत नाही, त्याला ‘कामावर जायचं’ याचा अर्थ लागत नाही.

तब्येतीचंही बघा. जन्मजात रुबेला असलेल्यांना पुढे मधुमेह आणि थायरॉइडचे आजार होऊ शकतात, आणि मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांत कित्येक वर्षांनीही काचबिंदू येतो. वर्षातून एकदा रक्तातली साखर, थायरॉइड आणि डोळ्यांचा दाब तपासून घ्या. मुलगी अचानक डोळा दाबायला लागली किंवा कपाळ आपटायला लागली, तर ओरडण्याआधी डोळ्यांचा दाब, कान आणि दात बघा. ‘दुखतंय’ हे ती असंच सांगते.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे. जन्मतः बहिरा, चालायलाही उशीर झाला होता. खुणांची भाषा उत्तम येते. आता रात्री अडखळतो, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी ‘अशर सिंड्रोम’ सांगितलं. दृष्टी आणखी जाणार आहे हे त्याला सांगावं का? तो मोटरसायकलसाठी हट्ट करतोय. (वडील, नाशिक)

अशर सिंड्रोम म्हणजे बहिरेपणासोबत हळूहळू दृष्टीही जाणारा आजार. हे त्याला सांगा, आणि लवकर सांगा. त्याला अंदाज आलेलाच असतो. खुर्च्यांना धडकण्याचं, अंधारात मित्रांच्या खुणा न दिसण्याचं कारण कळलं नाही, तर तो स्वतःलाच वेंधळा समजतो आणि मित्रांतून बाहेर पडतो. एकाच बैठकीत सगळं सांगायची गरज नाही. आधी ‘नजरेचं क्षेत्र अरुंद होतंय’ हे नेत्रतज्ज्ञांकडच्या तपासणीच्या आलेखावर दाखवा, मग पुढे काय काय शिकायचं आहे ते. शक्य असेल तर अशरच असलेल्या, कमावत्या प्रौढ माणसाशी भेट घालून द्या. त्या एका भेटीने जे होतं ते आपल्या दहा वेळा समजावण्याने होत नाही.

मोटरसायकल नको. बाजूचं दिसत नसलेल्याने रस्त्यावर गाडी चालवणं त्याच्याही जिवावरचं आहे आणि दुसऱ्याच्याही. इथे तडजोड करू नका. आणखी एक धोका घरच्यांना सहसा माहीत नसतो. चालायला उशीर झाला याचा अर्थ कानातला तोल सांभाळणारा भागही बहुधा काम करत नाही. अशी व्यक्ती पाण्याखाली गेली आणि डोळ्यांना काही दिसलं नाही, तर वर कुठे आणि खाली कुठे हे तिला कळत नाही. पोहता येत असलं तरी विहिरीत किंवा नदीत त्याने एकट्याने उतरू नये.

थोडं दिसतंय तोवर तीन गोष्टी शिकवायला घ्या. पहिली, हातावरच्या खुणा. बोलणाऱ्याच्या हातांवर त्याने आपले हात हलके ठेवायचे, पकडायचे नाहीत. पकडले की समोरच्याचा हात अडतो. रोज पंधरा मिनिटं, डोळ्यांवर पट्टी बांधून, आणि घरातल्या निदान दोघांनी. दुसरी, मराठी ब्रेल. बोटांना ठिपके ओळखायची सवय लागायला महिने जातात. तिसरी, काठी. पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले की ती अंधबधिराची, हा संकेत बऱ्याच देशांत आहे, पण आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. म्हणून ‘मला ऐकू येत नाही आणि कमी दिसतं. रस्ता ओलांडायला मदत हवी असल्यास मी हात पुढे करीन’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड खिशात हवं.

घरात त्याच्याशी बोलताना अगदी जवळ जाऊ नका. नळीतून बघावं तसं त्याला दिसतं, त्यामुळे जवळ गेलात तर हात चौकटीबाहेर जातात. चार-पाच फुटांवर उभं राहा, खुणा छातीसमोर आणि लहान करा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. सावळे हात असतील तर फिकट एकरंगी कपडे घाला, फुलाफुलांचा ड्रेस आणि चमकणाऱ्या बांगड्या टाळा.

अशर आनुवंशिक आहे. आई आणि बाबा दोघंही वाहक असले (म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचं जनुक अंगात असलं) की प्रत्येक गरोदरपणात तो येण्याची शक्यता चारांत एक असते. बाकीच्या भावंडांची तपासणी करून घ्या. तुमच्याकडे मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं होत असतील, तर नातेवाइकांनाही मोकळेपणाने सांगा आणि जनुकीय समुपदेशन घ्या.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, पूर्ण अंधबधिर. पाळी आली की कसं करायचं या विचाराने झोप लागत नाही. शेजारच्या बाई म्हणतात, गर्भाशयच काढून टाका. (आई, अकोला)

ते मुळीच करू नका. तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी कुठलीही प्रक्रिया करायला २०१६ च्या कायद्याने मनाई आहे. शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढल्यावरून १९९४ साली पुण्यात केवढा गदारोळ झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. शिवाय गर्भाशय काढल्याने तिच्यावरचा लैंगिक अत्याचाराचा धोका तसूभरही कमी होत नाही. एखादा प्रसंग घडला तर तो कळायची एक वाटच बंद होते.

पाळी यायच्या आधी सराव सुरू करा. पॅड चिकटवलेली चड्डी आठवड्यातून एक-दोनदा तासभर घालू द्या, म्हणजे पहिल्या दिवशी ती अनोळखी वस्तू ओढून फेकणार नाही. चड्डीच्या आतल्या बाजूला पॅडच्या दोन्ही टोकांशी जाड दोऱ्याचा एकेक टाका घाला. त्या दोन टाक्यांमध्ये पॅड बसवायचं, हे तिला बोटांनी कळतं. शिकवताना तिचे हात धरून काम करून घेऊ नका. आपले हात खाली, तिचे वर. तुमचे हात काय करतात हे तिला जाणवू द्या, आणि तिला वाटेल तेव्हा हात काढून घ्यायची मोकळीक राहू द्या.

रक्त दिसत नाही, म्हणून ‘भरलं की बदल’ हे शिकवून जमत नाही. वेळ ठरवा, आणि ती घड्याळावर नव्हे तर दिवसाच्या कामांवर बांधा: उठल्यावर, शाळेतल्या डब्यानंतर, संध्याकाळच्या दुधाआधी, झोपताना. पाळीच्या दिवसांत दिनदर्शिकेच्या त्या त्या कप्प्यात पॅडचा छोटा तुकडा ठेवा. न्हाणीघरात एकच फळी ठरवा: डावीकडे नवी पॅड, मधे कापून ठेवलेले वर्तमानपत्राचे कागद, उजवीकडे झाकणाचा डबा. ही जागा कोणीही हलवायची नाही. पाहुणे आले तरीही नाही. सगळं शिकून झालेली मुलगी अडते ती बहुतेक वेळा डबा सरकवला म्हणून. आणि हे शिकवणाऱ्या फक्त बायका असाव्यात, दोघी किंवा तिघी, ठरलेल्या.

याला जोडूनच एक गोष्ट सांगायला हवी. या मुलीशी सगळं जग स्पर्शानेच बोलतं, त्यामुळे चांगला आणि वाईट स्पर्श तिला फलकावर दाखवून शिकवता येत नाही. रोजच्या वागण्यातून शिकवावा लागतो. जवळ येणाऱ्या प्रत्येकाने आधी तिच्या हाताच्या पाठीला स्पर्श करायचा, मग आपली ओळखीची खूण द्यायची: कडं, अंगठी, दाढी, जे असेल ते. मागून कोणी धरायचं नाही. कपडे काढणं, बदलणं फक्त न्हाणीघरात किंवा दार लावलेल्या खोलीत. आणि ‘नको’ ही खूण तिला भक्कम आली पाहिजे. भात नको म्हटल्यावर ताट बाजूला झालं, पांघरूण नको म्हटल्यावर पांघरूण निघालं, तरच वाईट प्रसंगी ती ‘नको’ म्हणेल. जिचं ‘नको’ घरात कोणी ऐकत नाही, ती बाहेर ते वापरत नाही.

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत अठरा ते पंचवीस वयाचे चार अंधबधिर तरुण आहेत. सगळ्यांना वातींच्या पाकिटांचं काम दिलं आहे, पण दोघं दहा मिनिटांत उठून जातात आणि पाकिटात कधी वीस तर कधी तीस वाती निघतात. (शिक्षिका, कोल्हापूर)

मोजणीची अडचण मांडणीने सुटते. पंचवीस खळग्यांचा, पाच आडव्या आणि पाच उभ्या ओळींचा लाकडी ट्रे करून घ्या. एका खळग्यात एक वात. बोट फिरवलं की रिकामा खळगा लगेच लागतो, आकडा यायची गरजच नाही. ट्रेला तीन बाजूंनी बोटभर उंच काठ हवा आणि चौथ्या बाजूला निमुळतं उघडं तोंड, म्हणजे ट्रे तिरपा केला की वाती पिशवीत जातात. टेबलावर डावीकडे कच्च्या वातींचा डबा, मधे ट्रे, उजवीकडे तयार पाकिटांची पेटी, तिन्ही खालून चिकटवलेली. हाताने दाबून बंद होणारी पिशवी घ्या, तापवून चिकटवणारं यंत्र नको. सकाळी त्या दिवसाच्या पिशव्या मोजूनच द्या. पिशव्या संपल्या की काम संपलं. काम कधी संपणार हे कळत नसलेला माणूस उठून जाणारच.

उठणाऱ्या दोघांचं कारण वेगळंही असू शकतं. कापसाचा कोरडा स्पर्श काहींना सहन होत नाही. एकाला वाती येतात म्हणून चौघांना वाती, ही सोय कार्यशाळेची झाली. प्रत्येकाला चार वेगवेगळी कामं चार-चार आठवडे करू द्या: ओलं (रोपवाटिकेत पिशव्या भरणं), कंप असलेलं (घरघंटीजवळ धान्य ओतणं, मात्र पट्टा पूर्ण झाकलेला हवा), वासाचं (मसाल्याची पाकिटं), चालण्याचं (दोन खोल्यांत सामान पोचवणं). पहिले तीन आठवडे वेग मोजू नका, चुका कुठल्या पायरीवर होतात ते लिहा. चूक नेहमी एकाच पायरीवर होत असेल तर माणूस बदलायचा नाही, ती पायरी बदलायची.

पैसे बँकेत जमा होतात म्हणून ते त्याच्या हाती लागत नाहीत, असं करू नका. थोडी रक्कम त्याच दिवशी हातात द्या आणि लगेच दुकानात न्या. नोट दिली, वडापाव मिळाला. काम आणि पैसा यांचा संबंध असाच लागतो.

बाहेर कामाला लावताना तिथल्या निदान दोन सहकाऱ्यांना वीस खुणा शिकवल्याशिवाय पाठवू नका. एकच जण शिकलेला असेल तर त्याची रजा म्हणजे तुमच्या मुलाचीही रजा. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार अशा गटांसोबत अंधबधिरतेसह बहुविकलांगांनाही आहे. ज्यांचं शिक्षण त्या पातळीला पोचलं आहे त्यांच्यासाठी तेही बघा.

प्रश्न : मुलगा पुढच्या वर्षी अठराचा होईल. कागदपत्रांचं काय काय करायचं? आम्ही दोघं नसू तेव्हा त्याच्या पैशांचं काय? (वडील, पुणे)

आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) बाहेर काढून वाचा. डोळ्यांचे डॉक्टर एका खोलीत, कानांचे दुसऱ्या, त्यामुळे कित्येक कार्डांवर एकच दिव्यांगत्व नोंदलेलं असतं. दोन्ही नोंदी करून ‘बहुविकलांगता’ लिहून घ्या. टक्के सरळ बेरजेने येत नाहीत. मोठी टक्केवारी घ्यायची, नव्वदातून ती वजा करून उरलेल्याला लहान टक्केवारीने गुणायचं, नव्वदने भागायचं आणि मोठ्या टक्केवारीत मिळवायचं. दृष्टी ६० आणि श्रवण ४५ असेल तर ७५ येतात, १०५ नव्हे. हे महत्त्वाचं, कारण इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि किमान १८ वर्षं वय लागतं. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करा. आधारमधले ठसे आणि डोळ्यांची नोंद पंधराव्या वर्षानंतर अद्ययावत झाली नसेल तर आधी ते करा, नाहीतर बँकेत अडेल. बुबुळाची नोंद होत नसेल तर ‘अपवाद’ म्हणून नोंदवता येते, तसं केंद्रावर मागा.

अठरा पूर्ण होताच आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. मुलाला निर्णयाची मदत लागत असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. लोक हा हिशेब विसरतात. पण सरसकट पालकत्व घेऊ नका. ज्याला खुणांची भाषा येते, पैशाचा अर्थ कळतो, तो दुभाषाच्या मदतीने स्वतःचे व्यवहार करू शकतो, आणि तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. दिसत नाही आणि ऐकू येत नाही याचा अर्थ कळत नाही असा होत नाही.

पैशांच्या बाबतीत तीन चुका फार होतात. नामनिर्देशन केलं म्हणजे वारसा झाला असं समजणं. बँकेतला नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक वारस ठरवतात, म्हणून मृत्युपत्र हवंच. सगळं धाकट्या भावाच्या नावावर करून ‘तो बघेल’ म्हणणं. त्याऐवजी खासगी विश्वस्त निधी करा, दोन-तीन विश्वस्त नेमा, त्यांत एक घराबाहेरचा असू द्या. आणि आई किंवा वडील सरकारी नोकरीत असूनही त्यांनी आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याची नोंद निवृत्तीआधी न करणं. त्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. एक लाखापर्यंतच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठीही बहुविकलांगतेची नोंद उपयोगी पडते.

प्रश्न : माझा मोठा भाऊ अंधबधिर आहे, वय बावीस. आईबाबांनंतर तो माझ्याकडे येणार हे ठरलेलंच आहे. मी बंगळुरूत नोकरी करतो. आत्तापासून काय करू? (धाकटा भाऊ)

‘ठरलेलंच आहे’ असं तुम्ही म्हणता, पण हे दादाला कोणी विचारलंय का, हे आधी बघा. त्याला गावातल्या ओळखीच्या वाटा, कार्यशाळा, मित्र हवे असतील, आणि तुम्ही तिथे मदतनीस ठेवून दुरून सांभाळणं जास्त बरं ठरेल.

काहीही ठरलं तरी त्याच्या खुणा शिका. घरातल्या खुणा आईलाच ठाऊक असतात, म्हणून पुढच्या सुटीत आई आणि दादा बोलत असताना मोबाइलवर चित्रण करा, प्रत्येक खुणेखाली अर्थ लिहा. त्यावरून दहा-बारा पानांची संवादवही करा. पहिल्या पानावर नव्या माणसाला लगेच लागणारं हवं: दादाला हाक कशी मारायची, ‘नको’ आणि ‘दुखतंय’ तो कसं सांगतो, कशाने घाबरतो, कुठली औषधं कधी. प्रशिक्षित माणूस हवा असेल तर मुंबईची हेलन केलर संस्था, अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया आणि चेन्नईजवळ मुट्टुकाडूची बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था इथे चौकशी करा.

बंगळुरूला आणायचंच असेल तर आईबाबा धडधाकट असतानाच सराव करा. पहिल्यांदा दोन रात्री, आई बरोबर. मग तीन रात्री, आईशिवाय. त्याचं पांघरूण, ताटवाटी आणि दिनदर्शिकेची पेटी सोबत आणा. अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतची वाट पहिल्याच दिवशी त्याच्यासोबत चार-पाच वेळा चाला, तो पुढे, तुम्ही मागे. आणि परत जाण्याची खूण, गाडीची किंवा आईची, पहिल्या दिवसापासून पेटीच्या शेवटच्या कप्प्यात ठेवा.